गेलेल्या माणसाची सही

एटीएमच्या रांगेत ते पुढच्या माणसाकडे पाठ करून उभे राहायचे. दुसऱ्याचा आकडा चुकूनही आपल्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. मागच्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याशीच बोलायला वळलाय. मग तो ओळखीचं हसायचा, हे हसायचे नाहीत, आणि सगळ्या रांगेत विनाकारण अवघडलेपण यायचं. मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. नंतर माझी मी जाऊ लागले.

आमच्या ऑफिसात वयानं तेच सगळ्यांत मोठे, पन्नाशीला टेकलेले. पुण्यातली मोठ्या पगाराची नोकरी सोडून ते नागपूरला परत आले होते, आणि ही गोष्ट ऑफिसात कोणाला कधी पचली नाही. पुण्याहून माणूस परत येतो तो एक तर म्हाताऱ्या आईसाठी, नाहीतर काढून टाकलं म्हणून, असा आपल्याकडचा समज. त्यांची आई केव्हाच गेली होती. म्हणजे काढलंच असणार, असं आम्ही आपसात ठरवून मोकळे झालो. कोणी त्यांना विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि मग ते ऐकून घ्यावं लागलं असतं.

कारण ते खोटं बोलत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. अशा माणसाशेजारी टेबल मिळालेल्यालाच ते दुःख ठाऊक. नागपुरात फोनवर 'पोहोचूनच राहिलो' म्हणणारा निम्म्या वेळा अजून टॉवेलवर असतो. ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. हे फोनवर सांगायचे, "अजून आंघोळ व्हायची आहे." रजेच्या अर्जात कारण म्हणून त्यांनी एकदा 'कंटाळा' असं लिहिलं. ऑफिसातल्या एकाच्या लग्नात नवरदेवाच्या आईनं हौसेनं विचारलं, जेवण कसं झालं. तर म्हणाले, वांग्याची भाजी आंबली आहे, पुढची पंगत थांबवा. भाजी आंबलेली होतीच. पण त्या माउलीनं पुढे कितीतरी दिवस आमच्यापैकी कोणाशी धड बोलणं ठेवलं नाही.

कुलपांचा त्यांना नाद होता. डब्याला कुलूप, ड्रॉवरला कुलूप, मोटारसायकलचं हँडल लॉक केल्यावर चाकात साखळी आणि तिला आणखी एक. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, त्यामुळे ते येतायत हे जिन्यातच कळायचं आणि आम्ही सावरून बसायचो. मात्र दुसऱ्याच्या कुलपाला ते हात लावायचे नाहीत. एकदा हिशेबाच्या बाईंची किल्ली घरी राहिली आणि ड्रॉवरात त्यांचं बीपीचं औषध. शिपायानं ड्रॉवर उचकटायला घेतला, तर हे उठून गेले आणि सगळं उरकेपर्यंत जिन्यात उभे राहिले. मी म्हटलं, अहो, बाईंनी स्वतःच सांगितलंय. ते म्हणाले, त्यांचं कुलूप, त्यांनी सांगितलं, काही चुकलं नाही. पण मला पाहवत नाही. आम्ही मागे खूप हसलो.

पोह्यांच्या गाडीवरही ही तऱ्हा. सगळं नागपूर पोह्यांवर तर्री ओतून घेतं. हे वेगळ्या वाटीत मागायचे, आधी चमच्यानं चाखायचे, मग थोडी थोडी घालायचे. एकदा ओतली की परत निघत नाही, असं त्यांचं म्हणणं. गाडीवाला त्यांना लांबून पाहिलं की न सांगता वाटी काढायचा आणि वाटी ठेवताना कपाळाला हात लावायचा. आता जरा आमच्या कामाविषयी सांगायला हवं, नाहीतर हा माणूस नुसता विक्षिप्त वाटेल आणि विषय तिथेच संपेल.

उमरेडला करवती काठाची साडी हातमागावर विणतात. तशीच दिसणारी साडी यंत्रमागावर झपाट्यानं निघते आणि हातमागाची म्हणून विकली जाते. तुम्हाआम्हाला फरक कळत नाही. म्हणून तिथल्या विणकरांच्या सोसायटीनं आमच्या छोट्या कंपनीला काम दिलं, की प्रत्येक खऱ्या साडीला एक खूण लावा. गिऱ्हाइकानं त्या खुणेवर मोबाइल धरला की साडी कोणी विणली, कोणत्या मागावर विणली, ते दिसायचं. ही नोंद ब्लॉकचेनवर होती, म्हणजे कोणा एकाच्या कपाटात नव्हे, तर जगभरच्या कितीतरी यंत्रांवर एकसारखी, आणि एकदा झाली की पुसता न येणारी. नोंद कोणाची धरायची याचे नियमसुद्धा तिथेच प्रोग्रॅमच्या रूपात बसवलेले. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. मुख्य नियम असा, की खूण फक्त सोसायटीच्या हातमाग विणकरालाच लावता येईल. मी ॲपमधला मराठी मजकूर लिहायचे आणि विणकरांना ते शिकवायचे. बाकी सुरक्षिततेचं सगळं यांच्याकडे.

आता प्रोग्रॅम म्हटला की त्यात चुका निघणार, म्हणून नियम बदलायची एक वाट ठेवावी लागते. तिला आम्ही अपग्रेड म्हणतो. आणि ज्याच्या हातात ती वाट त्याच्या हातात सगळंच. मालकांचं म्हणणं होतं, एक किल्ली करा, ती मी ठेवतो, विषय संपला. यांनी ते होऊ दिलं नाही. किती दिवस भांडत होते, काचेच्या केबिनमधून नुसती हातवाऱ्यांची भांडणं आम्हाला दिसायची. शेवटी तीन किल्ल्या झाल्या. एक मालकांकडे, एक यांच्याकडे, एक विणकरांच्या वतीनं सोसायटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांकडे. तिघांपैकी दोघांनी सही केली तर नियम बदलणार. तोही लगेच नाही. सह्यांनंतर दोन आठवडे थांबायचं, आणि तेवढ्यात कोणीही दोघांनी रद्द म्हटलं तर रद्द.

अपग्रेडच्या दिवशी ते सगळ्या ऑफिसला एकत्र बसवून बदललेली प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचायला लावायचे. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून बघायचं, शंका आली की थांबायचं. आम्ही त्याला पोथी लावणं म्हणायचो. पंख्याखाली दुपारी पोथी लागली की निम्मं ऑफिस डुलक्या काढायचं, आणि ते डुलणाऱ्यालाच पुढची ओळ वाचायला सांगायचे. बदल करता येतो म्हणजे करावाच असं नाही, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मालक केबिनमधून घड्याळ बघायचे.

अध्यक्षांना गावात सगळे काकाजी म्हणत, आम्हीही म्हणायचो. बारीक, वाकलेले, तीन धोटे एकाच वेळी खेळवून करवतीचा काठ काढणाऱ्या जुन्या हातांतले उरलेले शेवटचे. त्यांना किल्ली द्यायची म्हणजे काय, तर चोवीस इंग्रजी शब्द द्यायचे. ते शब्द ज्याच्याकडे, तो सही करू शकतो. यंत्र दुसरं काही विचारत नाही. कागद फाटतो, मोबाइल हरवतो, म्हणून यांनी इतवारीतून एक स्टीलचं ताट घेतलं. भांड्यांवर नावं कोरणाऱ्याचं मशीन थोडा वेळ मागून घेतलं आणि दुकानात भिंतीकडे तोंड करून ते शब्द ताटाच्या काठावर स्वतः कोरले. ऑरेंज, टायगर, अंकल, ब्लँकेट, असलेच काहीतरी एकामागून एक. दुकानदार म्हणाला, साहेब, लग्नाचं आहे का. हे म्हणाले, नाही.

काकाजींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून शब्दही यांनीच पाठ करून घेतले, बाकी सगळ्यांना घराबाहेर काढून. आणि बजावून सांगितलं की हे कोणाजवळ बोलायचं नाही. मी दारात चपला घालत होते, तेवढं मला ऐकू आलं. काकाजी विचारत होते, "लेकीलेबी नाही?"

"लेकीलेबी नाही, काकाजी."

ती लेक नवरा वारल्यावर माहेरी आली होती आणि बापाच्या शेजारच्या मागावर बसायची. बापलेकीत लपवाछपवी अशी कधी नव्हती. पण काकाजींनी शब्द पाळला. ताट देवघरात गेलं. दसऱ्याला मागाला कुंकू लावलं तसं ताटालाही लागलं. सकाळी विणायला बसताना ते चोवीस शब्द ओठांतल्या ओठांत म्हणायचे, विसरू नये म्हणून. लेकीनं विचारलं तर एवढंच सांगितलं, हे माझे शब्द आहेत वं.

सोसायटीच्या पहिल्या बैठकीत यांनी विणकरांना सगळं समजावून सांगितलं होतं. फार चांगलं बोलले, मला आश्चर्य वाटलं. म्हणाले, आजवर तुमच्या नावावर दुसऱ्यांनी अंगठे उठवले असतील, इथे ते होणार नाही. इथे सही म्हणजे माणूस. ज्याची किल्ली, त्यानंच केली, मग त्याला नाही म्हणता येत नाही. लोकांना ते आवडलं. एक म्हातारी बाई परत परत मान हलवत होती.

काकाजी गेले ते चार दिवसांच्या तापानं. बातमी आली तशी यांनी मालकांकडे धाव घेतली. गेलेल्या माणसाची किल्ली काढून सोसायटीच्या नव्या माणसाची बसवायची, त्याला दोन सह्या लागतात, तुमची आणि माझी, आत्ता करू. मालक म्हणाले, तेरवी तर होऊ द्या, माणूस जाऊन दोन दिवस नाही झाले, लोकं काय म्हणतील. यात त्या वेळी मलाही काही वावगं दिसलं नाही. मला तर उलट यांचीच घाई विचित्र वाटली.

तेरवीला आम्ही सगळे उमरेडला गेलो. अंगणात मांडव, पंगती, जेवून निघताना प्रत्येकाच्या हातात आठवण म्हणून एक स्टीलचं ताट. आपल्याकडची रीतच आहे. मधोमध 'कै.' लिहून काकाजींचं नाव आणि 'स्मरणार्थ'. यांनी आपलं ताट हातात घेतलं, सवयीनं काठ वाचला, आणि शेजारच्याच्या हातातलं ताट ओढून त्याचाही वाचला. काठावर गोल फिरवून ते चोवीस शब्द कोरलेले होते, एकही न चुकता, ओळीनं.

लेकीनं केलं होतं ते. बाप तापात शेवटपर्यंत तेच शब्द पुटपुटत होता. देवाचं नाव नाही, तिचं नाव नाही, हे शब्द. तिला वाटलं, बाबांचे शब्द आहेत, बाबांच्या ताटावर असावेत. देवघरातलं ताट नेऊन तिनं दुकानदाराला दाखवलं आणि म्हणाली, असंच्या असं सगळ्या ताटांवर करा. ती आम्हाला हे सांगत होती तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जरा समाधान होतं, की बापाचं काहीतरी नीट झालं हातून. आणि हे तिच्यासमोर उभे राहून ऐकत होते.

त्यांनी तिला तेव्हा काही सांगितलं नाही. मांडवात फिरून लोकांना म्हणू लागले, ताट परत द्या. तेरवीचं ताट परत मागणारा माणूस कोणी पाहिलाय? एक-दोघांनी घाबरून दिलं, बाकीच्यांनी याला उन्हानं काही झालं असेल म्हणून पाणी आणून दिलं. पुढचे कितीतरी दिवस ते मोटारसायकलवर काकाजींच्या सोयऱ्यांच्या दारोदार हिंडले आणि ज्यांनी ताट दिलं त्यांच्या ताटाचा काठ जवळच्या दुकानात घासून आणून परत करत राहिले. त्याचा काही उपयोग नव्हता. मालकांचं ताट त्याच दिवशी त्यांच्या गाडीत गेलं होतं.

मालक वाईट माणूस होता असं मी लिहिलं तर सोपं होईल. कामगारांचे पगार वेळेवर द्यायचा, माझ्या आईच्या ऑपरेशनला गाडी पाठवली होती. पण हातमागाच्या साड्या निघून निघून निघणार किती, आणि व्यापाऱ्याला पाहिजेत ढिगानं. यंत्रमागाच्या मालालाही ती खूण लागली तर धंदा वाढणार, हे तो कधीपासून बोलत होता. नव्या किल्लीच्या सहीला तो उद्या म्हणत राहिला. आणि मग एका दुपारी, ऑफिस नेहमीसारखं चालू असताना, यांच्या पडद्यावर नियम बदलायचा प्रस्ताव दिसला. यापुढे कंपनीही खूण लावू शकेल, असा. खाली दोन सह्या. एक मालकांची आणि एक काकाजींची.

ते उठून केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. मालक शांतपणे म्हणाला, "मी काय तोडलं सांगा ना तुम्ही. दोन सह्या पाहिजे होत्या, दोन आहेत. नियम तर तुमचेच आहेत जी."

हातात दोन आठवडे होते. हे वकिलाकडे गेले, वकील म्हणाला, दावा करता येईल, पण एवढ्यात तारीखसुद्धा पडायची नाही. मालकाच्या दारात रोज जाऊन बसले. शेवटी मीच त्यांना उमरेडला घेऊन गेले, कारण एक उपाय उघड उघड समोर होता आणि ते त्याचं नावही काढत नव्हते. लेकीला आता सगळं समजलं होतं, आपण काय करून बसलो तेही. तिनं देवघरातलं मूळ ताट आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "तुमची एक सही, बाबांची एक. झाल्या ना दोन? करा रद्द, भाऊ. मी सांगून राहिली ना तुमाले."

ताटाकडे न पाहताच त्यांनी ते परत तिच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "हे तुमचं नाही, बाई. त्यांचं आहे. अन् ते गेले. गेलेल्या माणसाची सही होत नसते."

मला राग आला आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, तिकडे मालकानं केलीच ना? इथे साऱ्या गावाची विणकरी जातेय आणि तुम्ही सोवळं सांभाळत बसलात. मग त्यांनी पहिल्यांदाच आपल्या बापाविषयी सांगितलं. बाप हिंगण्याकडच्या एका कारखान्यात होता. तिथली पद्धत अशी, की मशीनच्या आत शिरून काम करायचं असेल तर शिरणाऱ्यानं बटणाला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तो बाहेर येऊन स्वतः काढेल तेव्हाच मशीन चालू. एकदा पाळी सुटली, कंपनीची बस निघाली, बापाचं कुलूप तसंच. कोणाला वाटलं, विसरून घरी गेला असेल. त्यानं दुसरी किल्ली लावून ते काढलं.

"बाप आतच होता," ते म्हणाले. "अन् काढणारा काही वाईट नव्हता. चांगल्या मनानंच काढलं त्यानं. दुसऱ्याचं कुलूप काढणारा प्रत्येकजण चांगल्या मनानंच काढते, ताई."

माझ्याकडे याला उत्तर होतं. आजही आहे. तुमचे वडील आत होते, काकाजी आत नाहीत, असं मी म्हणू शकले असते. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले नाही. दोन आठवडे संपले आणि नियम बदलला.

पुढे व्हायचं ते झालं. यंत्रमागाच्या साड्यांवर खुणा लागल्या, खुणेला किंमत उरली नाही, व्यापारी उमरेडला यायचे बंद झाले. चार-पाच माग त्याच हंगामात उतरले. ब्लॉकचेनवरची नोंद कोणालाही पाहता येते, आणि सोसायटीच्या शिकलेल्या पोरांनी ती पाहिली. काकाजींची सही. तारीख मरणानंतरची. म्हणजे म्हाताऱ्यानं मरायच्या आधी किल्ली विकली, नाहीतर मागाहून लेकीनं. सही म्हणजे माणूस, हे यांनीच तर शिकवलं होतं. सोसायटीच्या खोलीतला काकाजींचा फोटो कोणीतरी उतरवून भिंतीला टेकवून ठेवला. लेकीला सोसायटीचं सूत मिळेना. पाणवठ्यावर ती दिसली की बाया बोलायच्या थांबायच्या.

तिनं ठरवलं, बैठकीत उभं राहून सगळं सांगायचं. शब्द मीच कोरून घेतले, मीच वाटले, मालकानं उचलले, बाबांचा दोष नाही. मला तिनं फोन करून तसं कळवलं आणि मी यांना. बैठकीच्या दिवशी ते माझ्याबरोबर बसनं आले.

खोली भरलेली होती. लेक उठायच्या आत ते उठले. म्हणाले, "काकाजीच्या किल्लीनं सही मी केली. ते ताट मीच कोरलं होतं, शब्द मले ठाऊक होते. काकाजीनं कोणाले काही विकलं नाही. लेकीनंबी नाही."

पहिल्या बैठकीत मान हलवणारी ती म्हातारी बाई पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "काहून केलं गा असं?"

एक खोटं यांनी घरून तयार करून आणलं होतं, दुसरं त्यांना सुचलं नाही. ते तसेच उभे राहिले, हात खाली सोडून, आणि लोकांनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. लेक रडत उठली, "नाही जी, ते" एवढंच म्हणाली, तोवर हे तिच्याकडे वळले. शिपायालाही अहो-जाहो करणारा माणूस तो, म्हणाले, "बस वं माय. झालं आता." दोघा-तिघांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं. एकानं पाठीत मारलंही. त्यांनी अंग चोरलं नाही.

बसस्टँडवर मी त्यांना म्हटलं, हे तुम्ही बरं केलं नाही. ते म्हणाले, "ते गेले. तिले त्या गावात राहायचं आहे." बसमध्ये बसल्यावर पुढे म्हणाले, लेकीलाही सांगू नका असं काकाजींना मीच बजावलं होतं. तिला माहीत असतं तर तिनं ते शब्द ताटांवर कशाला कोरून घेतले असते? एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहत बसले ते नागपूर येईपर्यंत.

त्यानंतर त्यांना काम मिळालं नाही. आमच्या धंद्यात दुसऱ्याची किल्ली वापरली असं तोंडानं कबूल केलेल्या माणसाला कोण दारात उभं करणार? मालकानं नुकसानभरपाईचं काही काढलं नाही, एवढी दया केली. त्याच्यावरचं तर परस्पर टळलं होतं. मी ती नोकरी सोडली, पण त्यानं कोणाचं काही भलं झालं नाही. ते कन्हानला बहिणीकडे राहायला गेले आणि पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊ लागले. मी दोनदा जाऊन आले. फार थकलेले दिसले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला लवकर निघायला सांगितलं, तुमच्याशी बोललं की त्रास होतो म्हणाले. गेल्या थंडीत ते गेले. मला चार दिवसांनी कळलं.

उमरेडला फोन करून मीच लेकीला सांगितलं. आता बोलायला मोकळी आहेस, असंही म्हणाले. ती तशी बोललीही. सोसायटीच्या पुढच्याच बैठकीत उभी राहिली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. घरातलं मूळ ताट नेलं होतं, तेही दाखवलं. मग तिनं मला फोन केला. मी विचारलं, काय म्हणाले लोक?

"ऐकून घेतलं जी सगळ्यायनं," ती म्हणाली. "मंग म्हणाले, तू चांगल्या मनाची आहेस म्हणून त्याले झाकून राहिली. पण सही मी केली म्हणून त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं. अन् बाकी काही म्हणा, तो माणूस खोटं बोलत नव्हता."